पाण्याखालचा पाट

मंगळवार, ४ नोव्हेंबर
बाहेरून कुलूप! म्हाताऱ्याबरोबर मलाही कोंडलं. मी काय विसरले? मुलगा अंधेरीच्या ऑफिसातून फोनवर सांगतो, "आई, बाबा परत निघून जातील ना." म्हटलं, गॅस भडकला तर तू चावी घेऊन येईपर्यंत आम्ही भाजून तयार! चंद्रप्रकाश जन्मला तेव्हा अक्कल पोटातच राहिली वाटतं.

बुधवार
कुलूप काढलं. वर धमकी — "मग बाबांना आश्रमात ठेवू."
हे लगेच निघाले. दुसरीकडे कुठे जाणार? आमची चाळ पाडली तिथंच. आता नुसता खड्डा, भोवती पत्रे. वॉचमनला विचारत होते, "आमचा जिना कुठंय?" हाताला धरून या भाड्याच्या खोलीत आणलं. गुडघे गेले माझे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
नात संघमित्रा उंदरांच्या लॅबमध्ये आहे. उंदरांना जन्मापासून विसरायचा रोग लावतात म्हणे, माणसांचं औषध शोधायला! टाकीत दुधासारखं पाणी, आत पाट बुडवलेला. उंदरानं पोहत पोहत शोधायचा, वर चढायचं. रोज. आणि शेवटच्या दिवशी पाटच काढून घेतात!
"मग काय करतो गं तो?"
"ज्याला आठवतं ना आजी, तो पाट होता तिथंच घुटमळतो. विसरलेला कुठंही पोहतो."
चंद्रप्रकाश खाली मान घालून जेवत होता. म्हटलं, "ऐकलंस? तुझा बाप रोज तिथंच जातो. भलतीकडे नाही. आश्रमाचं नाव काढलंस तर पुढचं ताट उचलीन."
"आई, बाबा उंदीर नाहीत."
"मग पिंजरा कशाला बघतोस?"
थोडे दिवस बघू म्हणाला.

रविवार
आता मीच नेते यांना. पत्र्याच्या फटीतून खड्डा बघतात, बरं वाटतं त्यांना. मला काय बरं वाटायचंय!

सोमवार, २४ नोव्हेंबर
पाय सुजले. गेलो. आलो.

गुरुवार, ११ डिसेंबर
चपला घातल्या, दार उघडलं. हे उठलेच नाहीत.
"चला ना, चाळीकडे."
"कुठली चाळ?"
रात्री जेवताना सांगितलं, तर चंद्रप्रकाश खूश! "बघ आई, बाबा सुधारले. नको आता आश्रम-बिश्रम."
संघमित्रा ताटावरून उठून मोरीत गेली. नळ सोडून उभी राहिली.
"हिला काय झालं?" हा मला विचारतो.
मला विचारायचं नाही. तिला विचार. पाटाचं तिनंच सांगितलं होतं, हेही तिनंच सांगायचं.