डच मंत्र्यांचा राजीनामा आणि माझा

अंबरनाथ पश्चिम,
१२ डिसेंबर १९९१

आदरणीय मधुदादा,
गुरुदत्तचा नमस्कार. वहिनींना कंबर आता वाकू देते ना? बदलापूरची हवा तुम्हाला मानवली असेलच. (आमच्या गळक्या टाकीला कंटाळून तुम्ही इथल्या ब्लॉकला कुलूप लावून गेलात, याचा राग मी कधीच सोडून दिला आहे.) आम्ही सुखरूप आहोत, फक्त मी सोसायटीचा सेक्रेटरी उरलेलो नाही. तुमच्या बहिणीकडून, म्हणजे वृंदाकडून, हे कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय.

आमच्या कारखान्यात हॉलंडचं मशीन बसलं. त्यासोबत आलेल्या मंडळींत तिकडचे एक माजी पाणीमंत्री होते, बोसखाट नावाचे. असा माणूस अंबरनाथला पुन्हा कधी यायचा? मी त्यांना आमच्या गच्चीवर सत्काराला ओढून आणलं. (इतके उंच की शाल घालायला मला स्टुलावर चढावं लागलं.) पाहुण्यांचा परिचय अर्थातच माझ्याकडे. पण चरित्र अगदीच अळणी निघालं. शेतकऱ्याचा मुलगा, शाळामास्तर, मग नगराध्यक्ष, मग मंत्री. तुरुंगवास नाही, उपोषण नाही, साधा मोर्चा नाही. मंत्रालयात सायकलवरून जायचे म्हटल्यावर तर लोक संशयाने बघायला लागले. शेवटी एक गोष्ट हाती लागली आणि तिथेच माझा घात झाला. त्यांच्या खात्याचा एक बांध पाझरला, चार गोठ्यांत पाणी शिरलं, तर या माणसाने कुणी मागितला नसताना राजीनामा दिला. बांध त्यांच्या जन्माआधीचा. मी असा रंगात आलो, खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांची अशी सालटी काढली, की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. आपण टाकीला पाठ करून उभे आहोत आणि चपला भिजताहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आभार मानायला दुसऱ्या मजल्यावरचे चिंतामणी उठले. मीटिंगमध्ये चहा पिण्यापलीकडे ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही, ते म्हणाले, "साहेबांचा बांध एकदाच पाझरला. आपली टाकी अकरा वर्षं गळतेय. मग आपल्याकडे रिझाइन कोणी करायचं, सेक्रेटरी?" कुणीतरी हे पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. ते उभे राहिले आणि माझ्याकडे इतक्या आपुलकीने पाहू लागले की मला दुसरं काही सुचेना. मी राजीनामा जाहीर केला. (लोक नको नको म्हणतील, मी आढेवेढे घेईन, अशी कल्पना.) टाळ्या भाषणापेक्षा जास्त पडल्या. पाहुण्यांनी स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर घातली.

खरं सांगतो दादा, फार वाईट वाटलं. कारखान्यात माझ्यावर चार साहेब आहेत आणि घरी एक. सेक्रेटरी होतो तेवढ्यापुरता मी कुणीतरी होतो.

आपला,
गुरुदत्त

ता. क. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तुम्ही अजून सभासद आहात. राजीनामा नामंजूर करावा असा ठराव तुम्ही मांडावा. मी सांगितलं हे कळू नये, उत्स्फूर्त वाटलं पाहिजे.

ता. क. दुसरा. बोसखाट दोन वर्षांत पुन्हा मंत्री झाले होते, शेतीखात्याचे. हे त्यांनी मला निघताना गाडीत बसल्यावर सांगितलं.

दादा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. कमिटीने सेक्रेटरीचं काम माझ्याकडे दिलंय, ते यांनी लिहिलंच नाही. टाकी मी परवा दुरुस्त करून घेतली. सभा अकराला संपेल. तू वहिनीला घेऊन बाराला जेवायला ये. — वृंदा