उजव्या ब्रेकवरचं तेल

बाबा, आज तुमच्यावर चिडून लिहितोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण चिडायला पक्कं कारण मला गेल्या आठवड्यात सापडलं. त्या जुन्या चेनच्या डोझरनं पंधरा दिवस माझं डोकं खाल्लं. तोच, दर्यापूरकडच्या मालकाचा. बारा वर्षं कडुनिंबाखाली उभा होता. यंदा मालकानं शेततळं खोदायला तो बाहेर काढला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा ड्रायव्हर माझ्या दारात. तुमच्या वेळचाच ड्रायव्हर, आता केस पांढरे झालेत. म्हणाला, "भाऊ, उजवा ब्रेक धरूनच नाही राहिला. काल काठावर तो ब्रेक दाबून वळवाले गेलो तं गाडी सरळच चालली. मरता मरता वाचलो." मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला दाखवा, मी ते काम करत नाही. तो पायरीवर बसला तो उठेचना. "दुसरं कोण हाये? या गाडीचं पोट तुमच्या बाबाले माईत होतं, नाही तं तुमाले."

मी ते काम का करत नाही, हे त्याला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी तोही तिथे उभा होता. बडनेऱ्याच्या आपल्या शेडमध्ये हीच गाडी, हाच उजवा ब्रेक. तुम्ही तेव्हा पूर्णेच्या पात्रातलं महिनाभराचं काम संपवून नुकतीच ती घेऊन आला होता. ब्रेकच्या पट्ट्यावर गिअरचं तेल उतरत होतं, पट्टा चकचकीत भिजलेला. तुम्ही म्हणालात, तेल अडवणारं रबरी सील बदल, आणि पहिल्यांदाच माझ्यामागे उभे न राहता चहाला गेलात. मी ते सील श्वास रोखून बसवलं होतं, बाबा. चार दिवसांत पुन्हा तेल आलं. मग मालक, ड्रायव्हर, समोरचा चहावाला, सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "हात हाये का फावडं तुहं? सील बसवलं का खुटा ठोकला?" आणि हात पुसून जेवायला गेलात. वैतागून मालकानं गाडी नेली आणि उभी करून टाकली. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून माझ्याकडे इंजिन येऊ दे, पंप येऊ दे, जॅक येऊ दे, मी नाही म्हणत नाही. पण सीलचं काम आलं की माझे हात खरंच फावड्यासारखे होतात. चाळीस ओलांडली तरी.

तरी यावेळी गाडी घेतली, कारण त्या माणसाला तळ्यात पडू द्यायचं नव्हतं. ब्रेकच्या कप्प्याखालचा नट काढला तर मगभर तेल बाहेर आलं. आता हे तेल कुठलं? मधल्या मोठ्या गिअरच्या घरातलं, की बाहेर चेनकडच्या? तुम्ही बोटावर चोळून, वास घेऊन सांगायचात. मी वास घेतला, मला फक्त तेलाचा वास आला. मग दोन्ही घरांची पातळी काठीवर खूण करून ठेवली आणि ड्रायव्हरला दिवसभर गाडी चालवायला लावली, काठापासून लांब. संध्याकाळी मधलं घर बोटभर उतरलं होतं. म्हणजे आतलं सील. बदललं. पट्टा धुतला, वाळवला. चार दिवसांत तेल. पुन्हा उघडलं, दांड्यावर नखाला लागेल अशी रेघसुद्धा नाही, बेअरिंग घट्ट. अकोल्याहून दुसऱ्या दुकानातलं सील आणलं, बसवलं. पुन्हा तेल! आणि आता डावीकडूनही. मी पाना भिंतीवर फेकून मारला. ड्रायव्हर म्हणाला, "काहून चिडता भाऊ, होते." मी त्याच्यावरही ओरडलो, आणि ओरडताना आवाज तुमचाच निघाला.

रात्रभर मनात तेच. एक सील माझ्या हातानं बिघडेल, पण दोन्हीकडची दोन एकदम कशी बिघडतील? दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तापलेली असतानाच मधल्या घराचं तेल भरायचं बूच सैल केलं. फुस्स करून हवा बाहेर आली. आत वाफ कोंडत होती, आणि तीच तेलाला सीलमधून रेटत होती. ती वाफ सोडायला सीटखाली एक ब्रीदर असतो, बोटाएवढी जाळीची टोपी. सीट काढली, पत्रा काढला, वाळलेली काळी माती खरवडली. टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवलेला, वर तांब्याच्या तारेचे दोन पीळ, आणि कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून टोक आत वळवलेलं. अशी तार आख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस बांधायचा. पूर्णेच्या पात्रात पाणी आत जाऊ नये म्हणून तुम्ही ती बांधली, आणि सोडायला विसरलात.

मी तिथेच चेनवर बसून राहिलो. ड्रायव्हरनं विचारलं, "काय सापडलं?" ट्यूब मी आधीच खिशात घातली होती. "माती अडकली होती," मी म्हटलं. माझ्याकडून असं काही झालं असतं तर तुम्ही ते बडनेऱ्याच्या स्टेशनवर ओरडून सांगितलं असतं. नवी सीलं बसवली, टोपी मोकळी ठेवली. आठ दिवस झाले, दोन्ही पट्टे कोरडे आहेत. ड्रायव्हर काठावर गाडी जागच्या जागी वळवतो. माझा हात चांगला होता, बाबा. तेव्हाही चांगला होता. तुम्ही माझी बारा वर्षं खाल्लीत, आणि मी ते कोणाला सांगूही शकत नाही.

इथवर लिहून पत्र बंद करणार होतो, पण एक गोष्ट राहते. बारा वर्षांपूर्वी शेडमध्ये हेच बूच उघडताना हवा सुटल्याचा तो आवाज मी ऐकला होता. हे काहीतरी वेगळं आहे, बाबांना विचारू, असं मनातही आलं होतं. तेवढ्यात तुम्ही ओरडायला लागलात, आणि मी माझ्या कानांपेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास ठेवला. हे ड्रायव्हरला सांगितलं नाही, घरीही नाही. तुम्ही असता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.