क्लीनरची जागा

मरवंते,
मंगळवार, दुपार

प्रिय अहो,

लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. 'प्रिय' लिहून झाल्यावर पेन बराच वेळ तसंच धरून बसले होते. तुमचं नाव काही लिहिवणार नाही. पाकिटावर पोस्टमनसाठी सिद्धलिंगप्पा लिहिलंय, तेवढ्यावर भागवून घ्या. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही टायरची हवा विचारता, ऑइल बघितलं का विचारता, करिया जेवला का विचारता, आणि मी दुसरं काही काढलं की "बरं, ठेवतो" म्हणता. पत्राला तसं करता येत नाही.

आज घर सोडून चोवीस दिवस झाले. त्यातले तुमचे-माझे मिळून दोन तास. सकाळी सोलापूरहून निघालो, टाकळीचा पूल ओलांडला आणि झळकीला चहाला थांबलो तिथे तुम्ही पिशवी घेऊन उतरलात, बहिणीकडे राहायला. मला अजून त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये दोन महिने उभं राहून पिकअपच्या मागे ही खोली बांधून घेतली कुणी? तुम्हीच. पलंग तुमच्या उंचीचा, त्यावर चढताना मला अजून स्टूल लागतं. पाण्याची टाकी, शेगडीची जागा, करियाला शेपूट पसरून झोपायला पलंगाखाली कप्पा, सगळं तुमच्या मापाने. मग डोळ्यांच्या तपासणीत तुमचं लायसन अडकलं आणि मी छप्पन्नाव्या वर्षी कॉलेजच्या पोरींबरोबर ड्रायव्हिंग शिकले.  आणि झळकीपर्यंत तुम्ही डाव्या सीटवर बसून सगळ्या वाटेने नसलेला ब्रेक दाबत होतात. उतरताना म्हणालात, "बत्तीस वर्षं गाडी चालवली मी. आता बायकूच्या शेजारी क्लीनरच्या जागेवर बसू व्हय? तू जा की." मीही गेले. मला वाटलं तुम्ही फोन करून थांबवाल, तुम्हाला वाटलं मी विजापूरवरून परत फिरेन. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तुमचाही आणि माझाही.

करियाचं सांगते, कारण तुम्हाला त्याचीच काळजी जास्त. पहिले तीन दिवस त्याने माझा जीव खाल्ला. खोलीत चढेना, चढला तर उतरेना. दूध हुंगूनसुद्धा बघितलं नाही. गाडी सुरू झाली की तोंड मागे करून झळकीच्या दिशेने बसायचा. ढाब्यावर थांबावं तर तिथली कुत्री आधीच वाट अडवून उभी, आणि नऊ वर्षं आपल्या गल्लीत दादागिरी केलेला हा शहाणा माझ्या पायात शेपूट घालून लपणार. होस्पेटच्या अलीकडे तर त्याने तुमची चादर ओकून भरवली. एका बाईच्या विहिरीवर ती धुतली तेव्हा मला रडू आलं. कुत्र्याला म्हातारपणी गल्लीतून उचलून आणायचा मला काय अधिकार, असं वाटलं. गौरम्माला फोनही लावला होता की उद्या परत येते. तुमच्या बहिणीने तुम्हाला हे सांगितलं नसणार, मीच नको म्हटलं होतं.

मग चौथ्या दिवशी त्याने स्वतःच काहीतरी ठरवलं. कडक भाकरी दुधात कुस्करून घातली, ती खाल्ली. गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायर हुंगले आणि मागच्या डाव्या चाकावर पाय वर केला. तेव्हापासून जिथे थांबू तिथे हाच कार्यक्रम. गाव कुठलं का असेना, चाकं आपली आहेत एवढं त्याला पुरलं. आता तो ढाब्यावरच्या कुत्र्यांवर दुरून भुंकतो, पण एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवूनच.

मला मात्र चार दिवसांत जमलं नाही. सकाळी जाग आली की कुठे आहोत ते कळायचं नाही. आंघोळीला जागा शोधायची. पेट्रोल पंप, मठ, कुणाची न्हाणी, जिथे मिळेल तिथे, आणि त्यासाठी अनोळखी बायकांना विचारायचं. मला उसनी साखर मागायलासुद्धा लाज वाटते, तुम्हाला माहीत आहे. पण आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले की मन ठिकाणावर येतं. देव आपल्या अंगावरच असतो हे लहानपणापासून ऐकत आले, पण घर असताना त्याचा उपयोग कळला नव्हता. करिया तेवढा वेळ दारात गप्प बसतो. शेंगाचटणीचा डबा संपत आला आहे. आणि सगळीकडे एकच प्रश्न: मालक कुठे आहेत? मी सांगते, मागून येताहेत. चोवीस दिवस हेच सांगत आले आहे. होस्पेटच्या त्या विहिरीवरच्या चंद्रव्वाने तर तुमच्यासाठी दोन भाकरी बांधून दिल्या. त्या करियाने खाल्ल्या.

मी कुठून कुठे चालले आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. सगळे तुमचेच जुने रस्ते आहेत. तुम्ही खेपेला गेलात की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गावांची नावं लिहून ठेवायची, ती मला पाठ आहेत. चित्रदुर्गला चन्नप्पांचा ढाबा सापडला. आता मुलगा चालवतो, पण म्हातारबुवा खाटेवर बसून असतात. सोलापूर म्हटल्याबरोबर त्यांनी तुमचं नाव घेतलं. माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, वीस वर्षं इथे जेवला तुमचा माणूस, पण गाडीकडे तोंड करून जेवायचा, कुणी माल उतरवून नेईल की काय अशा घाईत. मागे एवढा किल्ला उभा आहे, तो कधी मान वळवून बघितला नाही. मी गेले बघायला. करियाला आत सोडेनात, म्हणून बाहेरूनच बघितला, पण केवढा दगड आहे हो तिथे.

आणि आता हे मरवंते. शिमोग्याकडून घाट उतरताना मी सगळी शिवनामं घेतली, दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही, मागे बसवाल्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं. पण उतरले. इथे एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधून नुसता रस्ता. मी गाडी बाजूला घेतली आणि पंधरा मिनिटं खाली उतरलेच नाही. मंगळूरच्या बंदराला तुम्ही शेकडो वेळा इथून गेलात. मी विचारायची, वाटेत काय काय लागतं? तुम्ही सांगायचात, "रस्ता बरा हाय तितं." एवढा समुद्र, आणि घरी येऊन सांगायला तुमच्याकडे रस्ता बरा होता. आधी मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. तुम्ही लपवलं नव्हतं, तुम्ही तो बघितलाच नव्हता. बत्तीस वर्षं तुमची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर होती, कारण आपली घरची चूल त्यावर चालत होती.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मागच्या वैशाखात डॉक्टरांकडे तुम्ही थेंबांची बाटली आणायला खाली गेलात, तेव्हा त्यांनी मला थांबवून सगळं सांगितलं होतं. बाहेर आल्यावर मी तुम्हाला म्हटलं की थेंब नीट घातले, मग लहानसं ऑपरेशन झालं की लायसन मिळेल. ते खोटं होतं. डोळ्यांच्या कडेचं जे गेलं आहे ते परत येत नाही. समोरचं अजून दिसतं, म्हणून तुम्ही हे पत्र वाचता आहात, म्हणून तुम्हाला डोळे चांगलेच वाटतात आणि शेडचा खांब तुमच्या आरशाला येऊन धडकला असं वाटतं. थेंबांनी ते थोडं लांबेल. किती, हे डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही. वर्ष म्हणाले, कदाचित दोन. करियाला माझ्याही आधी कळलं होतं. दोनदा तुम्ही त्याच्या शेपटीवर पाय दिलात आणि त्यानंतर तो तुमच्या बाजूने चालायचं सोडून पुढून चालायला लागला. मी ते रोज बघत होते आणि तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. ड्रायव्हिंग मी हौसेने शिकले नाही हो. मला गिअर टाकताना अजून घाम फुटतो. घाई होती म्हणून शिकले, आणि झळकीला रागाच्या भरात तुम्हाला न घेताच निघाले, ही माझी चूक. खोटं बोलले त्याबद्दल रागवा, भरपूर रागवा, पण इथे येऊन रागवा. गौरम्मा तुम्हाला विजापूरला गाडीत बसवून देईल, इथून जवळच कुंदापूरच्या स्टँडवर मी आणि करिया उभे असू. पुढच्या रविवारपासून रोज उभे असू. मंगळूर करून परत वर येऊ तेव्हा समुद्र डाव्या हाताला येतो, मी काल मुद्दाम जाऊन बघून आले. ड्रायव्हरला तो बघता येत नाही, त्याच्या शेजारच्याला सगळा दिसतो. आता रस्ता मी बघते. बाकीचं सगळं तुम्ही बघा, आणि मला सांगा.

तुमचीच,
धनलक्ष्मी