नकाशाबाहेर गेलेला मोहा

माय, आपल्या बांधावरचा मोहा मागच्या महिन्यात नकाशात वावराबाहेर गेला. झाड आहे तिथेच आहे, त्याखाली तू गेल्यावर तुझ्या नावानं उभा केलेला दगडही तसाच आहे. हलली ती हद्द, आणि ती हलवणारा प्रोग्राम मी चंद्रपूरच्या कचेरीत रोज वापरते.

धाकट्या भावाचा अहेरीहून फोन आला. "बाई, वावराच्या पट्ट्याचा नकाशा पाहून राह्यलो. मोहा जंगलात दाखवला ना वो. माय कुठी गेली मंग?" मला आधी त्याचाच राग आला. मोजणीच्या दिवशी यंत्र घेऊन बांधावरून तोच फिरला होता. यानंच घाईत कोपरा चुकवला असेल, असं वाटलं आणि तसं बोलूनही गेले. मग मूळ फाइल उघडली. त्यानं घेतलेले अक्षांश-रेखांशाचे आकडे चोख होते. पुढे ती फाइल टेबलाटेबलावर उघडली गेली, जतन झाली, आणि दर वेळी आमच्या प्रोग्रामनं दशांशातले शेवटचे अंक छाटले. पुन्हा उघडताना उरलेल्या आकड्यांचे मीटर करायचे, हद्द नव्यानं मांडायची, जतन करताना परत छाटायचं. फरक केसाएवढा, पण नेहमी एकाच बाजूला.

लहानपणीचं आठवलं: अंगणात तू मोहफुलं मोजते आहेस आणि मी या टोपल्यातून त्या टोपल्यात ओतत बसले आहे. तू टोपलं हिसकून घेतेस. "काऊन वतून राह्यली व? दर खेपी भुईवर सांडते, तुले दिसत नाई?" मला खरंच दिसत नव्हतं. तुझा राग मात्र दिवसभर पुरला होता.

साहेबांना दोन्ही नकाशे दाखवले. ते हसले. "अहो बाई, चार हातांनी जंगलात काय फरक पडते?"

"त्या चार हातांत माझी आई आहे," मी म्हटलं. आवाज चढला होता. त्यांनी नकाशा पुन्हा काढायला सांगितलं. मूळ आकड्यांवरून नकाशा पुन्हा निघाला आणि मोहा आत आला. त्या दिवशी मी टेबलावरच रडले, माय, लाज नाही वाटली.

नव्या नकाशात वावरातल्या खुणाही भरायच्या होत्या. विहीर भरली, झाड भरलं. मग धाकट्यानं तुझ्या दगडाशी यंत्र धरलं आणि फोनवर एकेक अंक सावकाश वाचून दाखवला. मी म्हटलं, "हो, भरले." त्याला अजून तेच खरं वाटतं, आणि हे पत्र काही कुठे धाडता येत नाही. भरले नाहीत मी. दर खेपी थोडं सांडणाऱ्या त्या फाइलीत तुला ठेवायला माझा हात धजला नाही.