तोंडातल्या टाचण्या

नाशिक, रविवार

ती. मालिनीआत्यास साष्टांग नमस्कार (माझ्या कमरेमुळे मनातल्या मनात).

"तुला माणूस दिसतच नाही, नुसता गळा दिसतो," असं तू शेखरदादाच्या लग्नात मला म्हणाली होतीस. पाठवणीला नवरी रडत होती आणि मी तिच्या ब्लाउजचा गळा कुठे ओढला जातोय ते बघत होते.

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे नाशिक रोडला इथल्याहून जास्त थंडी आहे म्हणतात. (फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.)

बुटीक बंद करून मी कॅमेरा घेतला, तो माणूस दिसावा म्हणूनच. परवा देवळ्याकडे कांदा निवडणाऱ्या बायकांचे फोटो काढायला गेले. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, अंगभर टरफलं. मला अगदी असंच हवं होतं. तसं सांगितलं, तर त्यांच्यातल्या थोरल्या कुसाबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला. "ताई, हाच फोटो उद्या भिंतीवर लागंल. हार काय शर्टाला घालायचा?"

(बुटीकच्या इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला असं सुनावलं नव्हतं.)

मग सगळ्या जणी घरी जाऊन ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. डांबरगोळ्यांच्या वासापुढे कांद्याचं काही चालेना. पण कुसाबाईंचा ब्लाउज दंडात रुतत होता आणि माझा हात पर्समधल्या सुईदोऱ्याकडे गेला. त्यांचा उसवून सैल केला, तर दुसरी पुढे झाली. तिसरीच्या निऱ्या बसत नव्हत्या. माझं आवरेपर्यंत ऊन गेलं. फोटो एकच निघाला, तोही कुसाबाईंनी काढलेला, कारण कॅमेरा मी त्यांच्याकडे धरायला दिला होता. त्यात मी निऱ्यांपाशी वाकलेली, तोंडात टाचण्या, बाकी चेहरा दिसतच नाही. क्षणभर वाटलं, ही तूच.

त्यांनी पुन्हा बोलावलंय. या वेळी सुईदोरा घरी ठेवून जाईन.

तुझी,
वल्लरी

ता. क. घरी येऊन सगळ्यांच्या लग्नांचे अल्बम काढले. शेखरदादाचा, दीपमालाचा, माझा. प्रत्येकात तू आहेस, नवरीच्या पायाशी वाकलेली. चेहरा एकातही नाही. कुसाबाईंचा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. (रागावू नकोस.)

आणखी ता. क. गुरुवारी कॅमेरा घेऊन येऊ का? साडी तुला हवी ती नेस, मी एक निरीसुद्धा सरळ करणार नाही. तू नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. निदान तोंडातल्या टाचण्या काढून, माझ्याकडे बघून म्हण.