छाया बैसाणेची ओळ

२९ एप्रिल १९८९

सत्र संपलं एकदाचं. प्रगतिपुस्तकं वाटली. मग हेडमास्तरांचं भाषण. 'शाळेच्या यशाचा चढता आलेख' वगैरे. कबड्डीची ढाल, स्कॉलरशिपवाले, वक्तृत्ववाले, सगळ्यांची नावं घेतली. एलिमेंटरीला माझ्या मुलांना ए ग्रेड मिळाली, त्याबद्दल चकार शब्द नाही. पण स्टेजपुढची रांगोळी कोणी काढायची? ड्रॉइंगच्या बाईंनी. गुडघे अजून दुखतायत.

नंतर केबिनमध्ये बोलावलं. व्हरांड्यातला गुणवंतांचा फळा सुट्टीत रंगवून घ्या म्हणे. दहावीला शाळेत पहिल्या आलेल्यांची नावं, सतरा वर्षांची. काळा ऑइलपेंट, पांढरी अक्षरं. ते ठीक. पुढे काय म्हणाले तर, "खालच्या ओळीत विक्रांतचं नाव पेन्सिलीनं आखून ठेवा. निकालाच्या दिवशी घाई नको."

विक्रांत म्हणजे संस्थेच्या सेक्रेटरीचा, आबासाहेबांचा पुतण्या. पेपर होऊन महिनासुद्धा झाला नाही!

मी म्हटलं, "सर, बोर्डानं तुम्हाला आधी कळवलंय का?"

हसले नाहीत.

११ मे

फळा झाला. रिकामी शाळा, तापलेले पत्रे, रंग डब्यातच घट्ट होतो. पण अक्षर सुरेख आलंय. स्वतःच म्हणते, दुसरं कोण म्हणणार.

हे.मा. डोकावून गेले. "आखलंत का?"

"निकाल लागू द्या, सर."

"बाई, तुमचा हा स्वभाव ना..."

वाक्य अर्धंच सोडलं. मीही विचारलं नाही. शेवटची ओळ कोरी.

१७ जून

निकाल! धुळ्याहून एसटीनं गठ्ठा आला. ऑफिसात सगळे वाकून बघतायत. पहिली छाया बैसाणे. विक्रांत दुसरा.

पेढ्यांचं खोकं आधीच आणून ठेवलेलं. आबासाहेबांकडचं. शेवटी हे.मा. म्हणाले, "वाटा. शाळेच्या निकालाचे पेढे आहेत." मला दिला तो मी पदरात बांधून आणला, खाल्ला नाही. ह्यांनी खाल्ला.

छाया. बौद्धवाड्यातली. वडील प्रल्हाद बैसाणे, एसटीत कंडक्टर. खरं लिहायचं तर माझी काही लाडकी नव्हती. हातात चित्रकला शून्य. तिनं काढलेला आंबा बटाट्यासारखा. माझ्या तासाला कागदाखाली बीजगणित करत बसायची, दोनदा पकडली. एकदा म्हणाली होती, "बाई, ह्याला मार्क नाहीत ना?" तेव्हा राग आला होता. आज आठवून हसू आलं.

संध्याकाळी घरी आली, पाया पडायला. पाच मिनिटं बसली. धुळ्याला सायन्सला जायचं म्हणे. पाणीसुद्धा नको म्हणाली.

१९ जून

फळ्याचं विचारायला गेले.

हे.मा.: "थांबा जरा. विक्रांतनं गुणपडताळणीचा अर्ज टाकलाय. ते येईपर्यंत ओळ कोरी राहू द्या."

"सतरा वर्षांत कोणासाठी थांबलो?"

"सतरा वर्षांत इतका कमी फरक नव्हता."

खोटं. एका वर्षी तर एकाच मार्काचा होता, नाव मीच रंगवलंय.

स्टाफरूममध्ये पर्यवेक्षक पानाची शीर काढत म्हणतात कसे, "बाई, लिहायचंच तर नुसतं 'छाया' लिहा. आडनावानं फळा कशाला..." आणि हसले. बाकीचे वह्या तपासायला लागले एकदम. वर्गच सुरू होऊन चार दिवस झाले, कसल्या वह्या!

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण बोलले. ते पान थुंकायला बाहेर गेले.

२० जून

लिहिलं.

मधल्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. स्टूल घेतलं, पदर खोचला. पोरं गोळा झाली. ठाशीव अक्षर, वरच्या नावांपेक्षा केसभर मोठंच. छाया प्रल्हाद बैसाणे. सातवीतल्या पोरी अक्षर अक्षर मोठ्यानं वाचत होत्या.

फार बरं वाटलं.

२१ जून

"कोणाला विचारून?" हे.मा. व्हरांड्यातच ओरडले.

"निकालाला विचारून."

"पुसा ते."

"मी लिहिते, सर. पुसायचं काम माझं नाही. मेमो द्या हवा तर."

"देईन!"

"द्या."

घरी ह्यांना सांगितलं. म्हणतात, "तुला काय पडलंय?" पण तोंडावर हसू होतंच. रात्री भाकरी जरा जास्तच खाल्ली मी.

२४ जून

प्रल्हादभाऊ आले होते. ड्युटीच्या खाकी कपड्यांत, ओट्यावर उभेच. मला वाटलं आभार मानायला. चहाचं आधण ठेवून आले.

"चहा नको बाई. दाखला मिळी नही राहिना."

शाळा सोडल्याचा दाखला. चार दिवस फेऱ्या मारतायत. क्लार्क म्हणतो हेडमास्तरांची सही बाकी. हेडमास्तर म्हणतात, बघतो. धुळ्याच्या कॉलेजात तीस तारीख शेवटची. दाखल्याशिवाय फॉर्म घेत नाहीत.

मी म्हटलं, "हा सूड आहे. आपण शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. त्याहून वाईट काहीतरी होतं.

"बाई, भांडण तुमनं शे. आडकेल शे ते मनी पोरनं वरीस. तो फळा आम्हले कोणी इचारा व्हता का?"

"उद्या मी..." म्हणायला लागले, तोवर ते पायऱ्या उतरले होते.

ठेवलेलं आधण मोरीत ओतलं.

२६ जून

केबिन. हे.मा. अगदी शांत. खुर्चीत रेलून.

"दाखला तयार आहे बाई. नाव पुसा, सही करतो. दोन मिनिटांचं काम."

"पोरीला ओलीस धरता?"

"मी कुठं धरलं? फळ्यावर तिला तुम्ही टांगलंय."

हलकट माणूस. आणि वाक्य मात्र असं की घरी येईपर्यंत डोक्यात घणघणत राहिलं.

पुसलं नाही. पुसलं तर पर्यवेक्षक हसणार, आबासाहेब हसणार, पुढच्या वर्षी पेपराआधीच नाव रंगवून मागणार. नाही पुसलं तर...

ह्यांच्याशी भांडण. "पोरीचं वर्ष घालवशील तुझ्या हट्टापायी." मी म्हटलं, हट्ट नाही, तत्त्व. ते म्हणाले, "तत्त्व तुझं, वर्ष तिचं." आज सगळ्यांनाच वाक्यं सुचतायत.

२७ जून

रजा टाकून धुळ्याला. शिक्षणाधिकारी मीटिंगमध्ये. बाकावर बसून राहिले. शेजारी एक म्हातारे मास्तर पेन्शनच्या कामाला आलेले. म्हणाले, "अक्का, इथं रागानं काम होत नाही. बसल्यानं होतं कधी कधी." दुपारनंतर साहेब निघूनच गेले. कारकून म्हणाला, "अर्ज ठेवून जा, चौकशी लावू." कधी? "लागेल तेव्हा."

अर्ज ठेवला. परतीच्या गाडीत साक्रीपर्यंत उभी.

पडताळणी, चौकशी, सही. सगळं त्यांच्या हातातलं. माझ्या हातात एक ब्रश.

आता ठरवलंय. उद्या सकाळी जाऊन पुसते. दाखला मिळाला की दुसऱ्या दिवशी परत लिहिते. करा काय करायचं ते.

२८ जून

उशीर झाला मला. पहिले दोन तास ऑफ नव्हते. मधल्या सुट्टीत स्टूल आणायला गेले तर स्टूल जागेवर नाही.

छाया त्यावर उभी. फळ्याशी. हातात अर्धं ब्लेड, दाढीचं असावं, वडिलांचं. खरवडत होती. 'छाया' गेलेलं, 'प्रल्हाद' अर्धं. पांढरा भुगा तिच्या मनगटावर, पायांवर. व्हरांडा भरलेला, आणि आवाज फक्त ब्लेडचा.

"छाया, उतर. मी करते. मी आज पुसणारच होते."

मागे न बघता म्हणाली, "माझं नाव आहे. मीच काढते."

"अगं, दाखला मिळाला की मी परत..."

तेव्हा वळली. "बाई, परत लिहू नका. तुम्ही सरांशी भांडता. माझ्या नावानं कशाला भांडता? मला एकदा तरी विचारलं?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काय पाहिजे होतं ते मी निकालाच्या दिवशी सांगितलं होतं. धुळ्याला जायचंय."

परत खरवडायला लागली. आडनावाला वेळ लागला. ठाशीव लिहिलं होतं ना मी.

हे.मा. केबिनच्या दारात. पर्यवेक्षक मागे. छाया उतरली, स्टूल स्वतः उचलून भिंतीला लावलं, आणि सरळ केबिनकडे. दोघांना बाजूला व्हावं लागलं. आत तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, सगळ्यांना ऐकू आला:

"पुसलं सर. आता सही करा. मार्क आहेत तेवढेच आहेत."

हे.मा. म्हणाले, जरा वेळानं ये. ती म्हणाली, मी इथंच उभी आहे. उभी राहिली. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, ती तिथंच.

सही झाली. दाखला दोन बोटांत धरून बाहेर आली, बाकीची बोटं रंगानं माखलेली. माझ्यासमोरून गेली. थांबली नाही.

मी नववी ब वर तास घेतला. काय शिकवलं माहीत नाही.

२९ जून

फळ्यावर ओरखडे. तिथला काळा रंगसुद्धा गेलाय, खालचं लाकूड दिसतंय. शिपाई विचारतो, "बाई, रंग देता का?" म्हटलं, हात लावू नको.

राग. हे.मा.चा तर आहेच. पर्यवेक्षकाचा. त्या दिवशी खाली मान घालून बसलेल्या सगळ्या स्टाफचा. आणि तिचा. हो, तिचासुद्धा. एवढं केलं, आणि...

'एवढं केलं.' काय केलं? स्टुलावर चढले.

७ जुलै

साक्रीला जायचं होतं, रंग आणायला. गाडीत कंडक्टर प्रल्हादभाऊ. तिकीट फाडून दिलं, सुटे पैसे हातावर ठेवले. मग पुढे न जाता दांड्याला धरून उभे राहिले.

"व्हयनी अ‍ॅडमिशन. होस्टेलबी भेटनं."

"बरं झालं भाऊ. छाया माझ्याबद्दल काही..."

"नही."

"रागावलीय का माझ्यावर?"

त्यांनी बाहेर बघितलं. "तुमवरच काय, सरवर, शाळावर, बठ्ठासवर रागे शे ती. मनावरबी, बाप शे तरी." मग पिशवी सावरत, "राहू द्या राग. अभ्यास कराले कामले येई."

घंटी मारली आणि पुढच्या माणसाकडे गेले.

१४ जुलै

पडताळणी आली. विक्रांतचे मार्क जसेच्या तसे. चला, आता तरी? कसलं काय! हे.मा.: "छायानं स्वतःच नाव काढलंय. सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे तिला नकोय. मग जागा दुसऱ्याची."

"ही कबड्डी आहे का सर? एक बाद झाला की दुसरा आत?"

"तुम्ही लिहिणार की नाही?"

"नाही."

मेमो मिळाला. 'शिस्तभंग', 'मुख्याध्यापकांच्या आदेशाची अवहेलना', 'खुलासा करावा'. संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली करू, असं तोंडी. तीही कुठं तर पार डोंगराकडे, जिथं दिवसातून एकच गाडी.

ह्यांनी मेमो वाचला. फक्त विचारलं, "तिकडे भाड्यानं खोली मिळते का?"

१६ जुलै

रविवार. खुलासा लिहायला बसले. चार वेळा फाडला. पहिल्यात शिव्याच होत्या.

मग ते सोडलं आणि छायाला कार्ड लिहिलं, होस्टेलच्या पत्त्यावर. 'तुझ्या जागी विक्रांतचं नाव टाकायला निघालेत. तू परत लिहू नको म्हणालीस. तेव्हा विचारलं नव्हतं, म्हणून आता विचारते. लिहू, का कोरी ठेवू, का तुला यातलं काहीच नको? जे सांगशील ते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.'

शेवटचं वाक्य खोटं आहे. तरी टाकलं.

२० जुलै

छायाचं उत्तर नाही.

हे.मा.नी साक्रीहून पेंटर बोलावलाय. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. सकाळी आला, डबे-ब्रश घेऊन. हे.मा. धुळ्याला गेलेत, संध्याकाळी येणार. जाताना क्लार्ककडे नावाची चिठ्ठी ठेवायला विसरले. पेंटर व्हरांड्यात उभा, फळा बघतोय. ओरखड्यांवरून हात फिरवला.

मला विचारतो, "बाई, इथं काय नाव होतं?"

सांगितलं. पूर्ण नाव.

"पुसलं कोणी?"

"तिनंच."

"का?"

म्हटलं, "मोठी गोष्ट आहे."

"मग आता काय लिहायचं?"

क्लार्क खिडकीतून म्हणाला, विक्रांत. शिपाई म्हणाला, सर येऊ द्या. पर्यवेक्षक पाणी प्यायला आले होते, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गेले.

पेंटरनं दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही चित्रकलेच्या ना? वरची अक्षरं तुमचीच?"

"हो."

"चांगली आहेत."

अठरा वर्षांत या इमारतीत पहिल्यांदा कोणी म्हणालं. तेही त्यांनीच आणलेल्या माणसानं.

मी म्हटलं, "थोडं थांबाल? दुपारचं टपाल येऊन जाऊ द्या."

"मला रोज मिळाला की झालं," म्हणाला आणि स्टुलावर बसला.

आता माझा ऑफ तास. स्टाफरूमच्या खिडकीतून दिसतोय. शिपायानं त्याला चहा दिलाय. डब्याचं झाकण अजून उघडलेलं नाही. पोस्टमनची सायकल गेटाशी टेकवलेली आहे, तो ऑफिसात गेलाय, बाहेर यायचाय.