माहेर फ्रिजमध्ये

फीनिक्स, ८ जून

लाडक्या आईला मार्लिसची घट्ट मिठी.

मी मजेत आहे. तू अंगणातल्या मेपलच्या झाडाखालून काढून दिलेल्या होस्टाच्या रोपाला पाच पानं आलीत! गेल्या वर्षी फोनवर ओरडली होतीस ना, "अगं, थंडीत झोपच झाली नाही, तर वसंतात उठेल कसा तो?" इथे वाळवंटात कुठली आलीय थंडी! म्हणून नोव्हेंबरपासून कुंडी फ्रिजमध्ये ठेवली. तुझा जावई रोज कुरकुरायचा, "माझी बिअर बाहेर आणि तुझं माहेर आत!"

आता ती कुंडी भिंतीच्या सावलीत आहे. संध्याकाळी शेजारी बसलं, की गाऊनवरच पातेलं बडवत हरणांमागे धावणारी तू आठवतेस. "मेल्यांनो, तुमच्यासाठी वाढवलीत का मी पानं?" शाळेत तोंड दाखवायची लाज वाटायची मला.

तुझ्या शेजारच्या रूथचं पत्र आलं. यंदा हरणांनी तुझे सगळे होस्टा देठापर्यंत खाल्ले म्हणे, आणि पातेल्याचा आवाजच आला नाही. तू मात्र लिहितेस, "सगळं ठीक." गुडघा फार दुखतो का गं?

वीस तारखेला येतेय मी. पातेलं तेवढं काढून ठेव, धावायचं मी बघते.

तुझीच,
मार्लिस